शोकसभेची सुट्टी

कौठाळवाडी (ता. औराद),
१८ जून २०२४

विरूभावजींना शिवलीलेचे शरणु शरणार्थी.

फोन केला की तुम्ही मीटिंगमध्ये असता, मेसेज टाकला की त्यावर नुसता अंगठा येतो, म्हणून सरळ पत्र लिहिते आहे. पत्राला तरी तुम्ही उत्तर द्याल. लेखक माणूस, पुढेमागे पत्रव्यवहार छापायला बरा म्हणून तरी द्याल.

काम असं आहे. मागच्या महिन्यात गुलबर्ग्याला आम्हा मराठी शिक्षकांचं प्रशिक्षण झालं. तिथं सांगितलं की मुलांना नुसते धडे शिकवू नका, लेखक दाखवा. शाळेला आता मोठा टीव्ही मिळाला आहे, मोबाईल जोडला की पुण्याचा माणूस वर्गात हजर. मी नववीला विचारलं, लेखक कोणाला बघायचाय? सिद्धलिंग नावाचा एक वात्रट आहे, तो म्हणाला, "बाई, लेखक जित्ते असत्यात व्हय?" त्याचंही चुकलं नाही. पुस्तकात ज्याच्या त्याच्या नावाखाली जन्माचं साल असतं आणि त्याच्या शेजारी मृत्यूचं. मी म्हटलं, एक जिवंत आहे, आणि तो याच गावचा, माझ्या सख्ख्या आत्याचा मुलगा आहे. मला मिरवायला मिळालं, खोटं कशाला सांगू.

तर एका शनिवारी अर्धा तास द्या. मुलं तुमची 'गौराचा आड' ही गोष्ट वाचत आहेत. होणारा नवरा पुण्याहून येत नाही म्हणून गौरा आडात उडी घेते, तिथं मुली रडल्या. रेणुका नावाची एक तेवढी रडली नाही. ती म्हणाली, "बाई, हिला घरात दुसरं काय काम न्हवतं का?" ती तुम्हाला प्रश्न विचारणार आहे, तयारीत राहा.

घरी सगळं ठीक. मल्लम्माअक्का आता आमच्याच शाळेत बिसिऊटाच्या, म्हणजे दुपारच्या जेवणाच्या, स्वयंपाकाला आहे, दीडशे पोरांचा भात-सांबार एकटी रांधते. आत्याची, म्हणजे तुमच्या आईची, नजर पार गेली. शाळेला निघायच्या आधी अक्का तिला आमच्या ओट्यावर बसवते. रस्त्यावर जीप थांबली की आत्या विचारते, "विरू आला का गं?" अक्का सांगते, "येतोय." तुम्ही शेवटचे आलात त्याला आता बरीच वर्षं झाली, पण अक्कानं उत्तर बदललेलं नाही.

तुमची,
शिवलीला


पुणे,
२ जुलै २०२४

प्रिय शिवलीला,

तुझं पत्र उघडलं आणि गावची काळी माती हाताला लागली. होय म्हणतो. ज्या मातीतून गौरा उगवली त्या मातीतल्या मुलांनी ती वाचावी, याहून मोठा पुरस्कार कोणता? (एका पुरस्काराचं बोलणं चाललेलं आहेच, पण ते तुझ्यामाझ्यात.) गौरा ही माझी नायिका नाही, शिवलीला, ती माझी जखम आहे. मुलांशी मी त्या जखमेतूनच बोलेन.

२७ जुलैचा शनिवार चालेल. माझे प्रकाशक हा संवाद त्यांच्या वाहिनीसाठी रेकॉर्ड करणार आहेत, तेव्हा मुलांना गणवेशात बसव, मागची भिंत स्वच्छ दिसू दे आणि कन्नड फलक असेल तर तेवढा झाक. इकडच्या प्रेक्षकांचा गोंधळ होतो.

आईला नमस्कार सांग. दिवाळीनंतर येतोच आहे.

तुझा,
विरुपाक्ष


कौठाळवाडी,
९ ऑगस्ट २०२४

विरूभावजींना शरणु शरणार्थी.

कॉल झाल्यावर तुम्ही "कसं झालं?" असा मेसेज टाकलात. कसं झालं ते सांगते. पडद्याच्या या बाजूला काय चाललं होतं ते तुम्हाला दिसलं नसणार.

रेणुकानं विचारलं, "सर, गौरा खरी होती का?" तुम्ही चष्मा काढलात आणि म्हणालात, "होती, बाळ. माझ्या मामाची मुलगी. आमचं लग्न ठरलं होतं. मी शिकायला पुण्याला आलो, परत जायला उशीर झाला, तोवर आडानं तिला नेलं."

भावजी, तुमचा मामा म्हणजे माझे अप्पा. त्यांना मुली दोनच. एक मी, फळ्यापाशी उभी होते. दुसरी त्याच वेळी वर्गाच्या दारात होती, हातात सांबाराची बादली घेऊन, कारण जेवणाची घंटा होऊन गेली होती आणि तुमचं संपत नव्हतं. सगळा वर्ग मान वळवून दाराकडं बघायला लागला. सिद्धलिंग म्हणाला, "बाई, मल्लक्का तर हितंच हाय की." तुम्ही तेव्हा डोळे पुसत होता. अक्का म्हणाली, "चला जेवायला, भात गार व्हायलाय." बस्, एवढंच म्हणाली.

तुमचं लग्न मोडलं तेव्हा मी आठ वर्षांची होते, पण मला सगळं आठवतं. तुम्ही तिला सोडलं नाहीत, तिनं तुम्हाला सोडलं. भरलेली ओटी तिनं परत केली. नारळ आणि खण ताटात घालून तुमच्या घरी आणून देणारी मीच होते. आत्या दारात रडत होती. अप्पांनी कारण विचारलं तेव्हा अक्का म्हणाली, "त्यो बोलाय लागला की म्होरं कोन हाय ते त्याला दिसतच न्हाई. जल्मभर आसं कोन आयकायचं?" अख्ख्या गावाला ठाऊक आहे हे. गावातल्या नव्या लोकांना मात्र नाही, आणि आता त्यांना तुमच्याकडून वेगळंच ठाऊक झालं.

पोरं अक्काला गौरा म्हणून हाका मारायला लागली आहेत. मधल्या सुट्टीत आडात खडे टाकतात आणि ओरडतात, "गौराक्का, भात वाढ." पोरं आहेत, विसरतील. पण तुम्ही असं का बोललात ते मला कळवा.

शिवलीला


पुणे,
२० ऑगस्ट २०२४

प्रिय शिवलीला,

तू शिक्षिका आहेस, म्हणून तुला सांगता येतं. घडलेलं आणि खरं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. मल्ली भात रांधते हे घडलेलं. गौरा आडात गेली हे खरं. गोष्टीला एक मरण लागतं, त्याशिवाय वाचक पान उलटून झाल्यावर थांबत नाही. मी मल्लीला मारलं नाही, उलट तिला अमर केलं. महाराष्ट्रात किती बायका तिच्यासाठी रडल्या आहेत याची तुला कल्पना नाही. तिच्यासाठी एरवी कोण रडलं असतं?

आणि ओटीचं म्हणशील, तर तू लहान होतीस. त्या वयात मुलींना नाही म्हणायचं नसतं, कोणी येऊन समजूत घालावी अशी त्यांची इच्छा असते. मी समजूत घालायला गेलो नाही, तोच तर माझा अपराध, आणि तोच मी गोष्टीत लिहिला आहे. मल्लीनं वाचली तर तिलाही पटेल. पण ती वाचत नसेल.

पोरांच्या चेष्टेचं मनावर घेऊ नकोस. आईला नमस्कार.

तुझा,
विरुपाक्ष


कौठाळवाडी,
५ सप्टेंबर २०२४

विरूभावजींना,

आज शिक्षक दिन. मुलांनी मला गुलाब दिला, तो टेबलावर ठेवून हे लिहिते आहे.

अक्कानं गोष्ट वाचली आहे. सातवीपर्यंत शिकली आहे ती, तुमच्याच वर्गात होती. वाचून म्हणाली, "आडाचं पानी बरं लिवलंय."

चेष्टा पोरांपाशी थांबली नाही. तुमच्या प्रकाशकांनी तो कॉल टाकला, तो गावातल्या प्रत्येक मोबाईलवर फिरला. सोयरिकीनं गावात आलेल्या बायकांना जुनं काही माहीत नाही. त्यांनी हिशेब असा लावला की एवढा मोठा माणूस टीव्हीवर रडून खोटं कशाला बोलेल. म्हणजे मल्लम्मानं उडी घेतली असणार, आणि कोणीतरी ओढून वर काढली असणार. मग उडी घ्यायची वेळ का आली? पोटात काही होतं का? हे आता पाणी भरताना बोललं जातं. शाळा समितीचे अध्यक्ष शिवशरण परवा हेडमास्तरांना म्हणाले, "तसल्या बाईच्या हातचं वयात आलेल्या पोरींनी कामून खावं?"

अक्काला महिनाभर घरी थांबायला सांगायचं ठरत होतं. मी भांडले. शेवटी शिवशरण म्हणाले, लेखकांनी पुन्हा वर्गात येऊन स्वतःच्या तोंडानं सांगावं, आम्ही मान्य करू.

मला तुमच्याकडून एकच वाक्य पाहिजे. "मल्लम्मा जिवंत आहे, तिनं कधी जीव दिला नाही, ते मी गोष्टीसाठी रचलं." बाकी काही बोलू नका. अक्काच्या हातात ती शाळा सोडून दुसरं काही नाही, आणि तिला त्या पोरांची सवय झाली आहे. एवढं करा, भावजी. मी परत कधी काही मागणार नाही.

शिवलीला


पुणे,
१६ सप्टेंबर २०२४

प्रिय शिवलीला,

काय ही माणसं. पण तू म्हणतेस तर बोलतो. ५ ऑक्टोबरला लाव कॉल.

प्रकाशक याही वेळी रेकॉर्ड करतील, त्याला इलाज नाही. नवी आवृत्ती येते आहे, तिच्या अर्पणपत्रिकेत मी "आडात उरलेल्या माझ्या मल्लीस" असं लिहून बसलो आहे आणि पानं छपाईला गेली आहेत. पुरस्काराच्या समितीलाही त्या ओळीनंच हलवलं, असं ऐकतो. तेव्हा शब्द जरा जपून वापरावे लागतील. पण काळजी करू नकोस, शब्द हा माझाच धंदा आहे. ज्याला समजायचं तो समजेल.

मल्लीला समोर बसव. मला तिला बघायला आवडेल.

तुझा,
विरुपाक्ष


कौठाळवाडी,
१४ ऑक्टोबर २०२४

तीर्थस्वरूप विरूभावजींना शिवलीलेचे शरणु शरणार्थी.

उत्तराला उशीर झाला, माफ करा. परीक्षेचे पेपर तपासायचे होते.

कॉल फार सुंदर झाला. अक्कानं इरकली नेसली होती, कपाळाला विभूती लावून पहिल्या बाकावर बसली होती. तिच्या शेजारी शिवशरण आणि समितीची सगळी मंडळी. तुम्ही तिच्याकडं बघून म्हणालात, "मला विचारलं जातं, गौरा मेली का? मी आज या वर्गात सांगतो, गौरा मेलेली नाही. ती तुमच्या प्रत्येकाच्या मनात जिवंत आहे." प्रकाशकांच्या बाजूनं टाळ्या ऐकू आल्या. आमच्या बाजूनं समितीची मंडळी उठून बाहेर गेली. अक्का थोडा वेळ बसून राहिली. तिला वाटलं असेल, तुमचं बोलणं अजून पुरं व्हायचं आहे.

सोमवारपासून स्वयंपाकाला चन्नव्वा येते. सांबार पातळ असतं, पण चालायचंच.

मी तुमच्यावर रागावले आहे असं मनात आणू नका. तुमची अडचण मला समजते, लेखकाची जबाबदारी मोठी. खरं तर मुलांना तुमच्याकडून फार शिकायला मिळालं, विशेषतः घडलेलं आणि खरं यातला फरक. तुमचं पत्रच मी वर्गात समजावून सांगितलं. मुलांनी त्यावर एक छोटा कार्यक्रम बसवला आहे, तुमच्या सन्मानार्थ. रेणुकानं भाषण लिहिलं आहे. ३० नोव्हेंबरला दहाच मिनिटं द्या. या वेळी तुम्हाला काही बोलायला लागणार नाही, नुसतं समोर असलात की झालं. प्रकाशकांना सांगून थेट दाखवता आलं तर मुलांना फार आनंद होईल.

आपली,
शिवलीला


पुणे,
२५ ऑक्टोबर २०२४

प्रिय शिवलीला,

तुझं पत्र वाचून जीव भांड्यात पडला. मला वाटलं होतं तू रागावशील. तू समजून घेतलंस, त्यात मामांचे संस्कार दिसतात. मल्लीलाही या वयात चुलीपुढून विश्रांती मिळाली, हे एका परीनं बरंच झालं म्हणायचं.

३० तारीख नक्की. पुरस्कार त्याच आठवड्यात जाहीर होतो आहे (मिळाला आहे, पण अजून बोलू नकोस), त्यामुळे प्रकाशक उड्या मारत थेट दाखवायला तयार झाले. मुलांचा सन्मान हा माझ्यासाठी मोठ्या सभागृहापेक्षा मोलाचा आहे.

दिवाळीला येणं जमणार नाही, तेवढं आईला सांभाळून सांग.

तुझा,
विरुपाक्ष


पुणे,
२ डिसेंबर २०२४

शिवलीला,

तू हे मुद्दाम केलंस. आधी मला वाटलं पोरांचा वात्रटपणा असेल, पण माझा आवाज तुझ्या बाजूनं बंद केलेला होता आणि तो बंद करायला पोरांच्या हातात तुझा मोबाईल नव्हता.

माझ्याच फोटोला हार. समोर उदबत्ती. अख्खा वर्ग माना खाली घालून उभा. आणि ती मुलगी शांतपणे वाचते आहे, "कैलासवासी विरुपाक्ष सर हे आपल्या गावचे लेखक होते. त्यांना खोटं बोलायची गरज नव्हती, तरी ते बोलले. ते घडलेल्या अर्थानं पुण्यात आहेत, पण खऱ्या अर्थानं वारले आहेत. आपण दोन मिनिटं उभं राहू." मी ओरडत होतो. माझे हात हलताना दिसत होते आणि त्यावर पोरं तोंड दाबून हसत होती. मी कॉल तोडायला निघालो तर प्रकाशकाचा माणूस माझा हात धरून म्हणाला, "सर, थांबा, बघणारे वाढतायत."

तुला काय मिळालं? त्या दिवसापासून माझ्या मोबाईलवर "भावपूर्ण श्रद्धांजली" येत आहेत. काल नगरहून एका वाचकाचा माझ्या बायकोला फोन आला, धीर द्यायला. पुरस्कार समितीच्या एका सभासदानं विचारलं की गावाकडं नेमकं काय प्रकरण आहे. मी माझ्या कामाला आयुष्य दिलं आहे, आणि एका खेड्यातल्या मास्तरणीनं ते दहा मिनिटांत पोरांकडून पायदळी तुडवून घेतलं. आता यापुढे माझं नाव तुझ्या वर्गात निघता कामा नये.

विरुपाक्ष


कौठाळवाडी,
८ डिसेंबर २०२४

विरूभावजी,

मुद्दाम केलं. मला त्याचं वाईट वाटत नाही. तुम्ही हात हलवत होता आणि आवाज येत नव्हता, तेव्हा मला फार बरं वाटलं. अक्का दोन महिने घरात बसून आहे, तिचाही आवाज कुठं जात नव्हता. इथंपर्यंत माझं मन साफ आहे.

पण पुढचं ऐका आणि हे नीट वाचा.

आमच्याकडं शोकसभा झाली की शाळेला अर्धी सुट्टी देतात, हे तुम्हालाही आठवत असेल. पोरांनी दोन मिनिटं पाळली आणि हेडमास्तरांना न विचारता दप्तरं उचलून पळाली. शोकसभा झाली म्हणजे सुट्टी, त्यांच्या लेखी सरळ होतं. आत्या ओट्यावर बसली होती. अवेळी पोरांचा गलका ऐकून तिनं विचारलं, "आज लवकर कामून सुटली रं शाळा?" एका बारक्या पोरानं पळता पळता सांगितलं, "विरुपाक्ष सर वारले म्हनून सुट्टी हाय, आज्जी."

अक्का आत भाकरी थापत होती. ती बाहेर आली तोवर आत्या ओट्यावरून खाली उतरली होती आणि रस्त्याच्या धुळीत बसून कपाळावरची विभूती पुसत होती. अक्कानं तिला उचललं, सांगितलं, पोरांचा खेळ आहे, विरू चांगला आहे. आत्या म्हणाली, "तू रोज सांगतीस येतोय म्हनून. आता ह्येबी सांग."

परवा तुम्हाला जो व्हिडिओ कॉल आला तो अक्कानं मला लावायला लावला. कॉल का लावला ते मी तुम्हाला सांगितलं नाही, तुमचं पत्र नुकतंच हातात पडलं होतं. तुम्ही आईशी बोललात. आधी तब्येत विचारलीत, मग माझ्या तक्रारी सांगितल्यात. मध्ये ती काहीतरी म्हणाली, ते तुम्हाला ऐकू गेलं नाही, तुम्ही बोलत होता. ती अक्काला म्हणत होती, "बंद कर गं त्ये. मेलेल्या मान्साला टीव्हीवर बोलताना दावत्यात, मला काय ठावं न्हाई व्हय?" तिला दिसत नाही. मोबाईलमधला आवाज तिच्या लेखी कोणाचाही असतो.

तिला हात लागला पाहिजे, भावजी. तुमच्या कानामागं लहानपणी पडलेल्या खोकेवर ती बोट फिरवेल तेव्हाच तिला पटेल. रात्रीची बस धरलीत तर सकाळी उदगीरला उतराल, तिथं मी स्वतः घ्यायला येते. अक्का माझ्याशी बोलत नाही. तिनं मला एवढंच विचारलं, "पोरान्ला हे शिकवायलीस?" तिचं काय करायचं ते मी बघेन. समितीला काही सांगू नका, वर्गात पाऊल टाकू नका, मी तुमच्या पाया पडून माफी मागते. फक्त एकदा या आणि ओट्यावर तिच्याशेजारी बसा.

शिवलीला


पुणे,
२१ डिसेंबर २०२४

प्रिय शिवलीला,

तुझं पत्र वाचून रात्रभर झोप लागली नाही. तू माफी मागितलीस, मी ती स्वीकारली. रक्ताचं नातं आहे, आपण मनात ठेवायचं नसतं.

निघणारच होतो. पण पुरस्काराचा समारंभ १२ जानेवारीला आहे, त्याआधी मुलाखती लागल्या आहेत, आणि तुझ्या त्या प्रकारानंतर मी या दिवसांत पुण्यात सगळ्यांना दिसणं फार गरजेचं झालं आहे. हेही तुझ्यामुळेच, पण ते असो. समारंभ झाला की त्या आठवड्यात नाहीतर पुढच्या आठवड्यात येतो. महिन्याभरानं काही बिघडत नाही. म्हाताऱ्या माणसांचं असंच असतं, आज एक धरतात, उद्या सोडतात.

सोबत आईसाठी वेगळं पत्र ठेवलं आहे. ते तिला सावकाश वाचून दाखव. माझं लिहिलेलं ऐकलं की लोकांना खरं वाटतं, आईलाही वाटेल. लिहिताना माझेच डोळे भरून आले.

तुझा,
विरुपाक्ष


कौठाळवाडी,
९ जानेवारी २०२५

विरूभावजींना,

पाकीट मिळालं. आत्याचं पत्र ओट्यावर बसून मी तिला वाचून दाखवलं, एक शब्द गाळला नाही. लहानपणी ती तुम्हाला पाठुंगळी घेऊन शेतात न्यायची तो भाग तर मी दोनदा वाचला, तिनंच सांगितलं म्हणून. शेवटी तुम्ही लिहिलं आहे, "आई, मी जिवंत आहे, मी येतोय, नक्की येतोय." तेही वाचलं.

ती सगळं शांतपणे ऐकत होती. मग पत्र हातात घेऊन तिनं कागदावरून बोटं फिरवली आणि म्हणाली, "मरायच्या आधी लिवलेलं दिसतंय. टपालाला येळ लागतोच की. यायलाच निघाला आसंल गं लेकरू."

अक्का म्हणाली, "व्हय आत्या, निघालाच आसंल."

मी अक्काकडं बघितलं. तिनं मला डोळ्यानंच गप्प केलं. तेव्हापासून आम्ही कोणी आत्याला समजावत नाही. जंगमांना बोलावून तिनं तुमच्या नावानं पूजा करवली आहे. पहिले काही दिवस तिनं अन्न घेतलं नाही, मला वाटलं ती जाणार. मग हळूहळू खायला लागली. आता दोन्ही वेळा जेवते, रात्री झोपते. पूर्वी जीप थांबली की हातातलं टाकून ती तुमचं विचारायची. काल थांबली तेव्हा म्हणाली, "कुनाचं पाव्हनं आलं बग गं." तेवढंच, आणि शेंगा फोडत राहिली. अक्का म्हणते, इतकी निवांत आत्या तिनं कधी बघितली नव्हती.

समितीनं अक्काला परत बोलावलं होतं. चन्नव्वाचं पोरं खात नाहीत म्हणून. ती गेली नाही. आत्याजवळ असते दिवसभर. माझ्याशी ती पुन्हा बोलायला लागली आहे, आणि पहिलं बोलली ते तुमच्याबद्दल. म्हणाली, तुला लिहायचंच असेल तर माझ्या नावानं लिही. तिच्या शब्दांत लिहिते.

"विरूला म्हनावं, समारंभ झाल्यावर येऊ नगं. कवाच येऊ नगं. ती आता वाट बगत न्हाई. तू आलास तर दोन दीस ऱ्हाशील आन जाशील, आन मला पुन्ना तिला रोज सकाळी ओट्यावर आनून बसवावं लागंल. त्ये काम आता माज्याच्यानं व्हायचं न्हाई."

शिवलीला